भोईरकाकांनी शिकवलेलं उत्तर

त्या शनिवारी मानपाड्याच्या शाळेत मुलं वर्गात बसलेली आणि मी फाटकाशी काकांची वाट बघत उभा होतो. फोन वाजला. नाव त्यांचंच, पण बोलत होती त्यांची मुलगी. सकाळी छातीत दुखायला लागलं, खडवलीहून कल्याणला आणेपर्यंत सगळं संपलं होतं... वर्गात जाऊन मी मुलांना कसंबसं सांगितलं. सानिका तेवढी हळूच विचारत होती, मग मंगळवारी कोर्टात माझ्यासोबत कोण येणार?

गोविंद भोईर एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आणि साठीला ठाण्याच्या लॉ कॉलेजात माझ्या बाकावर येऊन बसलेले. पहिल्या दिवशी पोरं सर समजून उभी राहिली, तर म्हणाले, "बसा रे, मीपण नापास व्हायलाच आलोय." शाळेतल्या मुलांना कोर्टाची ओळख करून द्यायचा उपक्रम निघाला तेव्हा पहिलं नाव त्यांनी स्वतःचं दिलं आणि दुसरं माझं, मला न विचारता. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. आई चार घरची धुणीभांडी करते आणि माझी डिग्री भिंतीवर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. त्यामुळे प्रश्न आला की उत्तर यायलाच पाहिजे, हे माझ्या डोक्यात पक्कं. मुलं विचारायची, जज आजारी पडले तर केस कोण बघणार? मी काहीतरी ठोकून द्यायचो. काका सरळ म्हणायचे, माहीत नाही, पुढच्या शनिवारी विचारून येतो. खोटं कशाला बोलू, मला त्यांची लाज वाटायची. काकांना जाऊन आता सहा आठवडे झाले. शनिवारचा तास मी बंद पडू दिलेला नाही, आणि 'विचारून येतो' हे आता मी म्हणतो.

सानिका आठवीतली. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांना टेम्पोने उडवलं. वडील वाचले, पण त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. जे दिसलं ते एकट्या सानिकाला. तिला साक्षीचं समन्स आलं, ते वहीत घालून ती आमच्याकडे आली. मी जोमात तीन पानं प्रश्नोत्तरं लिहून दिली. टेम्पोचा रंग, वेग, अंतर, सगळं पोलिसांच्या कागदावरून. पोरीने आठवड्यात पाठ केली आणि काकांपुढे घडाघडा म्हणून दाखवली.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाळा, रंग तुला दिसलेला का?" ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मला बाहेर नेऊन ते म्हणाले, "अरे, ही आता साक्षीदार राहिली नाही, तुझा टेपरेकॉर्डर झाली. वकिली शिकतोस ना?" पानं त्यांनी तिच्याकडून मागून घेतली आणि फाडली. मी चिडलेलो. मग शिकवायचं तरी काय, म्हणून वाद घातला. दोन दिवसांनी ते तिला आणि तिच्या आईला कल्याण कोर्टात घेऊन गेले, दुसऱ्याच केसचं काम चाललेलं तिथे बसवलं, जज कुठे बसतात, पिंजरा कुठे, पाणी कुठे मिळतं ते दाखवलं. तिच्याशी काय बोलले ते मला सांगितलं नाही.

काका गेल्यानंतरच्या मंगळवारी तिच्यासोबत मी गेलो. सरकारी वकिलांना तिने बारीक आवाजात, पण सगळं सांगितलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी टेम्पोचा रंग विचारला. आठवत नाही, म्हणाली. वेग? मला वेग सांगता येत नाही. वाटलं, गेली केस, काकांनी पानं फाडायला नको होती.

"तुला शिकवून पाठवलंय ना?"

"हो. काकांनी शिकवलं."

वकीलसाहेब खुलले. "काय शिकवलं?"

"दिसलं तेवढंच सांग. नाही आठवलं तर नाही आठवत म्हण, कोणी हसणार नाही."

खरंच कोणी हसलं नाही. वकीलसाहेब कागद चाळत राहिले, मग बसले. जजसाहेबांनी तिचं उत्तर जसंच्या तसं टाइप करून घ्यायला सांगितलं.

निकाल लागायचाय. भोईरकाकांची वकिलीची सनद राहिली ती राहिलीच... पण त्यांचं ते वाक्य कल्याणच्या कोर्टात रेकॉर्डवर आहे. त्या दिवशी साक्षीचा छापील कागद सहीसाठी सानिकापुढे ठेवला, तेव्हा तिने आधी तो बोट ठेवून पूर्ण वाचला आणि मगच सही केली.