तुरुंग सोडून सगळं

सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कनवटीला रुपये खुळखुळायला लागल्यावर खेड्यातली माणसं बैलगाड्या जुंपून अमरावती पाहायला यायला लागली. त्यांना शहर दाखवायचं काम कुणी न सांगता सत्यभामा माळणीनं अंगावर घेतलं होतं. कचेरीसमोर तिची फुलांची पाटी असायची. पाहुण्यांनी चार हार घ्यायचे आणि तिनं गाव फिरवून आणायचं, असा सरळ हिशेब.

तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. परकोटापाशी उभी राहून ती सांगायची, "हे भित पेंढाऱ्यायच्या भेवानं बांधली. आता ते आतच पेढ्या टाकून बसले." कचेरीपुढं म्हणायची, "बाहेरून पाहाले फुकट हाये. आत पाय ठेवला का वावर जाते." दवाखान्याला दोन दारं होती, पण ती पाहुण्यांना पुढचंच दाखवायची. मागच्या दारातून कोण बाहेर येतं, ते विचारू नका म्हणायची.

तुरुंगाकडे मात्र ती कुणाला नेत नसे, कारण तिचा नवरा त्यात होता.

जानराव तसा गरीब स्वभावाचा माणूस. पण एका दलालानं कापसाच्या गाड्या त्याच्या वांग्याच्या वाफ्यांतून घातल्या आणि वर हसला. जानरावाच्या हाताशी कोहळा होता, तोच त्यानं भिरकावला. दलालाच्या खांद्याचं हाड मोडलं, कोहळा शाबूत राहिला. कोहळा पुरावा म्हणून कचेरीत गेला आणि जानराव चार महिने आत.

नेमक्या त्याच दिवसांत मोर्शीच्या रामराव माळ्यानं आपल्या पोरासाठी सत्यभामेच्या लेकीला, जमुनाला पाहायला यायचं ठरवलं. असं घर पुन्हा चालून येणार नव्हतं. रामराव आला, बायको पार्बताबाई आली, पोरगी पसंत पडली. "पोरीचा बाप कुठी हाये?" असं विचारल्यावर सत्यभामेनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "अकोल्याले गेले, कापसाच्या गाड्या घेऊन." तुरुंगाचं कळलं असतं तर सोयरीक तिथंच मोडली असती. तिची जीभ नेहमीसारखीच चालू होती.

मग पाहुण्यांनी शहर पाहायचं काढलं. परकोट झाला, कचेरी झाली, अंबादेवी झाली. रामराव म्हणाला, "आता तुरुंग."

"तिथं काय पाहासान, पावने? चार भिती अन् चोरं."

"आमच्या मोर्शीले असा मोठा नाही ना. घरी जाऊन सांगाले पाह्यजे काही."

तिनं ऊन दाखवलं, पायदुखी सांगितली, देवळातला प्रसाद राहिला म्हणाली. रामरावानं गाडी वळवली ती वळवलीच.

तुरुंगाच्या बाजूला काटेरी कुंपणाआड भाजीचा मळा होता. कैदी बेड्या वाजवत पाणी देत होते. रामरावानं इमारतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो कुंपणाशी वाकून वांगी बघत राहिला. काळीभोर, तुकतुकीत, एकालाही कीड नाही.

"पाह्य पार्बता," तो म्हणाला. "सायबानं विलायती माळी आणला असन. आपल्या लोकायच्या हातून असं होत नाही."

सत्यभामेला नुसतं हो म्हणायचं होतं. पोरीचं लग्न त्या एका शब्दावर उभं होतं. पण तिच्या नवऱ्याची वांगी गोऱ्याच्या नावावर जाताना तिला बघवेना.

"विलायती कायचा?" ती म्हणाली. "तो पाठमोरा उभा हाये ना, त्यानं लावले हे वांगे. माहा नवरा हाये तो. जमुनाचा बाप."

पार्बताबाईनं तोंडाला पदर लावला. सत्यभामेनं दलाल, गाड्या, कोहळा, सगळं ओकून टाकलं. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला झालं होतं.

"आणखीन काय काय लपवलं, बाई?" पार्बताबाईनं विचारलं.

"पोरीले पुरनपोळी जमत नाही. फुटते."

रामरावानं पुन्हा एकदा वांग्यांकडे पाहिलं. मग त्यानं कुंपणावरून हाक मारली, "जानराव, मुळाले राख देता का शेणखत?"

जानराव वळला. बायको दिसली, परकी माणसं दिसली. काय चाललंय ते त्याला कळेना, पण प्रश्न कळला. "दोनी," तो म्हणाला. "राख सकाऊन."

"सुटता कधी?"

"चैतात."

"मंग वैशाखातली तीथ धरतो," रामराव म्हणाला. "तुमच्या जमुनाची अन् आमच्या पोराची."

जानरावानं मातीचे हात धोतराला पुसले आणि बेड्या सावरत व्याह्याला रामराम घातला. सत्यभामा कुंपणाशीच खाली बसली आणि मोकळ्या गळ्यानं रडली.