सतरा पायऱ्यांवरची खोली

गडहिंग्लज सोडलं त्या दिवशी आईने शिलाई मशीनचा वरचा भाग गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. पायाचा सांगाडा शेजारच्या काकूंकडे राहिला. बेळगावला गाडी बदलताना मी म्हणालो, हे खाली सामानात टाकू. ती म्हणाली, "मांडीवरच ऱ्हाऊ दे. तुला इंजिनेर ह्येनं केलंय."

खरंच होतं ते. मी तिसरीत असताना बाबा गेले. त्यानंतर ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल लावून तिने आमच्या घरातला पहिला पदवीधर घडवला. मला म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तुम्ही सगळे मित्र स्टँडवर निरोपाला आला होतात. तुमच्यातले काही पुढे माझ्यासारखेच बाहेर पडले. हे गावी राहिलेल्यांसाठी आणि बाहेर पडलेल्यांसाठीही लिहितो आहे.

म्हैसूरच्या जुन्या भागात, शिंप्यांच्या गल्लीत आम्हाला माडीवरची खोली मिळाली. घरमालक रामण्णा पिढ्यान्‌पिढ्या इथले, स्वतः शिंपी, घरात मराठी. पहिल्या दिवशी म्हणाले, "पायऱ्या सतरा आहेत, आक्का. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." त्यांच्या बोलण्यात निम्मं कन्नड असायचं. आई म्हणायची, कापड एकाचं, अस्तर दुसऱ्याचं, पण अंगाला बरोबर बसतंय.

तिचे गुडघे तेव्हाच दुखत होते. म्हणून, ज्या दिवशी मशीनला नवा सांगाडा बसला, त्याच दिवशी तिने दोरीला एक पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडली. खालून बायका हाक मारायच्या, "आक्का, सीरे आयता?" साडी झाली का, एवढं कन्नड ती आठवड्यात शिकली. झालेली साडी खाली जायची, नवी वर यायची. सोबत कधी कढीपत्ता, कधी कुणाच्या लग्नाची पत्रिका.

गेल्या वर्षी ती नवव्या पायरीवरून पडली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उभं करणं अवघड आहे. मग मी रिंग रोडच्या पलीकडे, एका नव्या लेआउटमध्ये तळमजल्याचं घर भाड्याने घेतलं. सपाट फरशी, स्वच्छ हवा, कंपनी दहा मिनिटांवर, एकही पायरी नाही. आईला मी म्हणालो, आता बसून खायचं. आणि तिला न विचारता मशीन रामण्णांना देऊन टाकलं. तिचे हात मोकळे केले, असं मला वाटत होतं. तुमच्यापैकीही कुणी असंच केलं असेल.

इथे अर्धे प्लॉट रिकामे आहेत. शेजारी भले लोक आहेत, पण सकाळी मोटारीतून जातात आणि अंधार पडल्यावर परततात. आई फाटकाशी उभी राहायची. तिचं ते एक कन्नड वाक्य इथे तिला कुणी विचारत नाही.

मग आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. मी स्कूटर धुऊन तिला हार घातला, शेजारी लॅपटॉप मांडला. आईने आतून ताट आणलं. त्यात कात्री होती, बॉबिन होती आणि एक सुई. सुईला कुंकू लावायला जागा नसते. ते तिच्या बोटालाच लागलं. मला मान वर करता आली नाही.

दोन दिवसांनी मी मशीन परत आणलं. रामण्णांनी त्याला तेल घालून ठेवलं होतं. म्हणाले, "आम्ही नाही चालवलं. त्याला आक्कांच्या पायाची सवय."

आठवडाभर घरात मशीनचा आवाज ऐकून मी सुखावलो होतो. मग एका रविवारी दिसलं की ती स्वतःच्याच जांभळ्या साडीचा फॉल उसवत बसली आहे. सकाळी लावायचा, दुपारी उसवायचा. साडीची कड टाक्यांच्या भोकांनी चाळणीसारखी झाली होती.

"आई, हे काय?"

"काय न्हाई. हात चालू ऱ्हायला पायजेत."

त्यानंतर ती अर्ध्या भाकरीवर आली. मग चतकोरावर. मी उशिरा आलो तरी का उशीर झाला, हे विचारेनाशी झाली. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघत नाही. मी रोज दाराची कडी काढताना आत आवाज आहे का ते आधी ऐकतो.

मागच्या आठवड्यात रामण्णांचा फोन आला. माडीवरची खोली रिकामी झाली आहे, रविवारपर्यंत सांगा. मी म्हणालो, खाली एखादी खोली नाही का? "खाली माझंच दुकान, स्वामी. मी मशीन घेऊन कुठं बसू?"

मी आईला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणंही पुन्हा सांगितलं.

"चढीन की. बसत बसत."

"आणि उतरायचं कसं?"

ती उठली. ट्रंकेच्या तळातून तिने ती पिशवी काढली, दोरीसकट. मी मशीन देऊन टाकलं, तेव्हा ही तिने लपवून ठेवली होती.

"मी कशाला उतरू? पिशवी उतरंल की."

काल मी रामण्णांना होकार कळवला. तुम्ही विचारता, तिकडं म्हैसूरला स्वतःचं घर कधी बांधतोस. ते आता व्हायचं नाही. आमचं घर म्हणजे ती खिडकी आहे, जिच्याखाली उभं राहून कुणीतरी साडी झाली का म्हणून विचारतं. आई त्या सतरा पायऱ्या आता एकदाच चढणार आहे. हे तिला कळतं, मलाही कळतं.

दोरी जुनी झाली होती. मी नवी घेऊन आलो आहे.