मामाने न मागितलेली कात्री

माझा मामा कोट कापतो. शिवत नाही, कापतो. शिवणारे छप्पन मिळतील, असं तोच म्हणतो. शिवण उसवून परत घालता येते, कात्री एकदा फिरली की फिरली. आमच्या कारखान्यातल्या लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला तो तीस वर्षं उभा आहे. तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झालीय. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मामा बोलला नाही असं कधी झालंच नाही. त्याने मला टेबलापाशी नेलं, कापड अंथरायला शिकवलं आणि म्हणाला, "बये, हात चालव. तोंड चालतंच तुझं."

लग्न नाही केलं त्याने. कुणी विचारलं तर म्हणतो, "मापात बसलं नाही." एका खोलीत राहतो. त्या खोलीत एकच खुर्ची आहे, कुणी गेलं की तो स्वतः पलंगावर बसतो. टेबल हेच त्याचं घर म्हटलं तरी चालेल.

दोन महिन्यांपासून कॉलरी बिघडून यायला लागल्या. डावी बाजू उजवीपेक्षा दोन सूत मोठी. मालक मामाला काही म्हणाला नाही, मला म्हणाला. "विचार तुझ्या मामाला, टेबल सोडायचंय का." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "खुणावाल्याला विचारा ना!" कापडावर खडूने खुणा करणारा तो. गप्प माणूस, डबासुद्धा आवाज न करता उघडतो. त्याला मी सगळ्यांसमोर धुतलं. "खुणा चुकवायच्या तुम्ही आणि नाव मामाचं!" त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

मालक म्हणाला, "सोमवारी खुणा मी करतो. टेबलापाशी मीच उभा राहतो. तुझ्या मामाने नुसतं कापायचं. चुकलं तर दुसरा माणूस आणतो."

मी खूश. म्हटलं, आता दिसेल सगळ्यांना.

रविवारी दुपारी मामाला म्हटलं, चल, आपल्या कोरियन हॉटेलात जाऊ. काहीही चांगलं झालं की आम्ही तिथंच जायचो. आईचं ऑपरेशन नीट झालं तेव्हाही तिथंच. टेबलाच्या मधोमध निखारे, वर जाळी, आपणच मांस भाजायचं आणि कात्रीने कापून खायचं. चालवणारी एक म्हातारी होती. पहिल्यांदा तिला कापताना बघून मामा म्हणाला होता, "आजी, जनावर एकदा मेलंय, परत कशाला मारता?" आणि कात्री तिच्या हातातून घेतली. असे तुकडे पाडले, जसे पट्टी लावून. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आम्ही गेलो की आधी मामापुढे कात्री यायची, मग ताट. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायची. मामा छाती काढून बसायचा.

वर्षभर गेलो नव्हतो. म्हातारी लेकीकडे निघून गेली होती, जागा दुसऱ्या कुणी घेतली होती. निखारे गेले, विजेचा तवा आला. आंबवलेली कोबी आधी वाटीभर मिळायची, ती चमचाभर, आणि तीही पाणचट. मांस आधीच कापलेलं, कडेला बर्फ. तव्यावर टाकलं तर भाजेचना, आपल्याच पाण्यात शिजत राहिलं. रंग फडक्यासारखा. तोंडात घातलं तर चघळतेय, चघळतेय, चव कुठंच नाही.

मामा म्हणाला, "बरंय की."

चहा जरा कोमट आला तरी परत पाठवणारा माणूस, आणि बरंय की!

मी वाढणाऱ्या पोरीला हाक मारली. "न कापलेलं मांस आण. आणि कात्री."

"ताई, आता कापूनच देतो आम्ही."

"मग एकदा नका देऊ."

"राहू दे गं," मामा म्हणाला. "दात आहेत अजून."

"का राहू दे? यांना माहीत नाही तू कोण आहेस!" मी हे जरा मोठ्यानेच बोलले. दोन-तीन टेबलं वळली.

पोरीने अख्खा तुकडा आणला, वर लाल मुठीची कात्री. मामाने हात मांडीवर नेले. मी कात्री त्याच्यापुढे सरकवली. "दाखव."

त्याने ती उचलली. दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट धरलं. कात्रीचं टोक तव्यावर वाजायला लागलं, टकटकटक, थांबेचना. तुकडा तिरका फाटला, अर्धा माझ्या पाण्याच्या पेल्यात पडला. सगळे बघत होते. मीच वळवलं होतं त्यांना.

पोरगी हळूच म्हणाली, "काका, मी देऊ कापून?"

त्याने कात्री तिच्याकडे दिली.

ती गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"थंडीपासून. गोळ्या आहेत. झोप येते त्यांनी. हात तसाच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकं छान भांडत होतीस माझ्यासाठी." मग तव्याकडे बघत म्हणाला, "आज आलो का माहितेय? शिवणाऱ्या बायका सांगत होत्या, इथं आता कापून देतात."

मी म्हटलं, "उद्या मी कापते. काहीतरी सांगू मालकाला."

"तुझ्या कॉलरी कुत्र्याने चावल्यासारख्या येतील," तो म्हणाला. हसलो आम्ही, पण ते हसणं काही खरं नव्हतं. ताटं तशीच ठेवून उठलो.

सोमवारी मालक टेबलापाशी यायच्या आत मामाच त्याच्याकडे गेला. दार लावलेलं होतं. बाहेर आला आणि टेबलाकडे न बघता सरळ आतल्या खोलीत गेला. तयार कोट तपासायचं काम दिलं त्याला. स्टुलावर बसून. तीस वर्षं उभा होता तो माणूस.

मी खुणावाल्याकडे गेले. माफी मागणं मला जमत नाही, तरी मागितली. तो खडू तासत होता.

"मला माहीत होतं त्याच्या हाताचं," तो म्हणाला. "म्हणून तर दोन महिने रेघा जाड ओढत होतो. कापणं चुकलं तर म्हणता यावं, खूणच नीट नव्हती. खुणेच्या चुकीला मालक नुसता ओरडतो. कापायच्या चुकीला टेबल जातं."

"मग मी ओरडले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू म्हणत होतीस तेच तर हवं होतं मला. चारचौघांत म्हणाली नसतीस, तर मालक आला नसता बघायला."