टोकावड्याचं पोकळ हाड

दगडांविषयी लिहिणाऱ्या बाईला वाचक दगडांचेच फोटो पाठवतात. टोकावड्याच्या दामूभाऊंनी मात्र हाडाचा पाठवला. वीतभर लांब, तपकिरी, आरपार पोकळ. खाली मजकूर: ‘काळू नदीच्या काठी सापडलं. पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, म्हणजे हा उडणारा डायनासोर. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा आहे. पाटीवर तुमची सही हवी.’ पाहिल्याशिवाय सही करत नाही, असं कळवलं आणि जानेवारीत निघाले.

शहापूरला मैत्रिणीकडे मुक्काम होता. सकाळी सातला गाडी काढली. किन्हवलीवरून सरळगाव, तिथे डावीकडे माळशेजचा रस्ता. अंतर फार नाही, पण मधले खड्डे लक्षात घेऊन दीड तास हाताशी ठेवा आणि टाकी शहापूरलाच भरा. सरळगावचा चहा गोडमिट्ट. साखर कमी हवी तर आधी सांगा. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत वाल हिरवा होता.

दामूभाऊ एसटीचे निवृत्त कंडक्टर. ओटीवर फळ्या, फळ्यांवर गारगोट्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी: कुठे, कधी. ही शिस्त शिकल्यासवरल्यांतही क्वचित दिसते.

हाड हातात घेतलं. दगडासारखं जड.

“सापडलं तेव्हा पोकळ होतं?”

“नाय बाई. आत माती होती घट्ट. सायकलच्या तारेनं टोकरली. दोन दिस लागले.”

“ती माती कुठे आहे?”

“टाकली. माती काय ठेवायची?”

मी चिडले. हाड पुरानंतर गोट्यांत सुटं पडलेलं; मूळचं कुठल्या थरातलं, म्हणजे किती जुनं, हे सांगणारी खूण म्हणजे तेवढीच माती. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. आतून त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला, “जन्मात एकदा घरात साफसफाई केली, तीपण नडली!”

त्यांच्याकडून सुई तापवून घेतली आणि हाडाला टोचली. अलीकडचं हाड असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. आम्ही तिघांनी आळीपाळीने नाक लावलं. काही नाही.

“जुनं आहे. बरंच जुनं,” मी म्हटलं. दामूभाऊंचा चेहरा फुलला. “पण पक्ष्याचं नाही. पक्ष्याच्या हाडाची भिंत पातळ असते. ही पेन्सिलीएवढी जाड आहे.”

“बघू इकडं,” वहिनींनी हात पुसून हाड घेतलं. त्यांचे वडील म्हसा गावच्या जत्रेत बैलांचा व्यापार करायचे. वहिनींनी अंगठा वरून खाली फिरवला. “आवो, ही तर नळी! गुडघ्याखालची. बाबा बैल घेताना पयला इथंच हात फिरवायचे. मधोमध खाच हाय बघा. आन् चपटी लागते, म्हंजे पुढचा पाय. मागचा चौकोनी लागतो.”

खाच मीही पाहिली होती. पुढचा की मागचा, यासाठी मला पुस्तक उघडावं लागलं असतं.

“बैल?” दामूभाऊ खाली बसले. “पाड्यापाड्यावर डायनासोर म्हणून सांगून आलोय मी. लोकं काय म्हणतील?”

“म्हणतील, कंडक्टरनं बैलाला पंख लावले!” वहिनी म्हणाल्या.

“बैल की रानगवा, ते तज्ज्ञांना दाखवा,” मी म्हटलं.

“पाटीवर ‘अज्ञात प्राणी’ लिवलं तर चालंल? पोरं रोज इचारतात बाई.”

“जे माहीत आहे, त्याला अज्ञात म्हणायचं नाही. आणि सही मी करणार नाही. ओळख वहिनींनी पटवली आहे.”

जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, उत्तम. दामूभाऊ मान खाली घालून जेवले. मी परत मुरबाड-कल्याणमार्गे आले. मुरबाडनंतर रस्ता बरा आहे. माणूस आता हाड अडगळीत टाकणार, असं वाटेत वाटत राहिलं. मी जरा जास्तच कडक बोलले होते.

पंधरवड्याने शाळेतला फोटो आला. काचेखाली हाड, शेजारी सुवाच्य अक्षरात पाटी:

‘बैलाच्या कुळातलं जनावर. पुढच्या पायाची नळी. ओळखणारी: सुमन. वय: माहीत नाही, कारण आतली माती मी काढून टाकली. दामू.’

भूशास्त्राची पदवी घेताना मी शेकडो नमुन्यांना चिठ्ठ्या लावल्या. काही माझ्या हातून फुटले, काहींच्या जागा विसरले. तेव्हा चिठ्ठीवर मी एवढंच लिहायचे: ‘तपशील उपलब्ध नाही.’