नाव टाकलेलं भांडं

आमच्या दुकानाशेजारच्या कापड दुकानाचे मालक फोन न करता स्वतः चालत घरी आले, तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी अंगणात खाटेवर मुगवड्या टाकत होते. ते फाटकापाशीच उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, दुकानात चला जरा." मी म्हटलं, "काऊन? चाव्या विसरले का?" ते चपलेकडे बघत राहिले... नाचणगाव ते पुलगाव म्हणजे अंतर ते काय, पण त्या दिवशी रस्ता संपेना. पोचले तर हे गादीवर तक्क्याला टेकून बसल्यासारखे. डॉक्टर येऊन मान हलवून गेले होते. हातातलं नाव टाकायचं मशीन कोणीतरी काढून बाजूला ठेवलं होतं, पण ते बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते तिथे पडून गुरगुरत होतं. मी आधी ते बंद केलं. पुढे बायकांमध्ये बोलणं झालं म्हणे, की नवरा गेला आणि ही बाई बटन बंद करायला धावली. हो, धावले. फुकट वीज जळलेली ह्यांना कधी खपली नाही.

माझे यजमान मधुकरराव यांचं पुलगावात भांड्यांचं दुकान. सासऱ्यांनी सुरू केलेलं, ह्यांनी वाढवलेलं. स्टीलचे डबे, पितळी गुंड, पातेल्यासारखे गंज, परात, लग्नाच्या आंदणाचा सगळा पसारा. पण लोक लांबून आमच्याचकडे यायचे ते ह्यांच्या अक्षरासाठी. भांडं विकलं की त्यावर नाव टाकून द्यायचं, आणि ह्यांच्यासारखं नाव कोणी टाकायचं नाही. बारीक टिंबाटिंबांचं, एका रेषेत, वेलांटीला सुंदर वळण. मला कितीदा म्हणाले, "शिकून घे ना व, दुपारी बसत जाजो." मी म्हणायची, तुमचं अक्षर तुमच्यापाशी राहू द्या, मला हिशेबच बरा. आणि दुकानाचा एकच नियम होता, तो पाटीवर लिहिलेला नव्हता पण साऱ्या तालुक्याला पाठ होता. नाव टाकलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही.

हा नियम धंद्याचा होता असं वाटेल. तसं नव्हतं. एकदा आंजीचे एक गृहस्थ अख्खं आंदण टेम्पोत घालून परत घेऊन आले. मुलीचं लग्न ठरून मोडलं होतं. बिचारे खाली मान घालून म्हणाले, काहीही कापून घ्या पण हे घरातून न्या, बघवत नाही. ह्यांनी एक ताट उचललं, त्यावरचं नाव वाचलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "पोरीचं नाव हाये याच्यावर. नवरदेवाचं कुठी हाये? तिची भांडी तिलेच वापरू द्या. मोडलं ते लग्न, पोरगी नाई मोडली." माणूस रागाने गेला. पुढे ती मुलगी नोकरीला लागली, वेगळं घर केलं तिने, आणि त्याच ताटांत जेवते. हे तिने स्वतः दुकानात येऊन सांगितलं. ती सांगत होती तेव्हा हे गल्ल्यात काहीतरी शोधत बसले होते. कौतुक झालं की ह्यांचं काहीतरी हरवायचंच.

आता सहलीचं सांगते, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे. शाळांना सुट्या लागतात तेव्हाच लग्नं लागतात, आणि लग्नं लागतात तेव्हा भांड्यांच्या दुकानाला श्वास घ्यायची फुरसत नसते. आमचा निलेश लहान होता तेव्हा दर उन्हाळ्यात त्याचे मित्र कुठे कुठे जाऊन यायचे आणि हा गोणपाटावर बसून डब्यांची झाकणं जुळवायचा. विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी जाऊ गा." पुढची वर्षं येत गेली आणि निलेशला मिशा फुटल्या, त्याने विचारायचंच सोडून दिलं. ह्यांना ते लागलं होतं. कधी बोलले नाहीत, पण निलेशची मुलगी स्वरा पाच वर्षांची झाली आणि दुकानात बसून ह्यांच्या फोनवर ते मुंबईच्या वाटेवरचं मोठं पार्क बघायला लागली, तेव्हा मला दिसलं की नात एकदा बघते आणि आजोबा दोनदा.

तिला त्यातला एकच झुला हवा होता. माणसांना घेऊन उंच जातो, तिथे क्षणभर थांबतो आणि मग असा काही खाली येतो की बघणाऱ्यानेच काहीतरी घट्ट धरावं. ती म्हणाली, "आबाजी, मले याच्यात बसायचं हाये." हे म्हणाले, "बसू. या मे महिन्यात बसू." मी हिशेब करत होते, पेन हातातच राहिलं. ऐन लग्नसराईत? "चार दिवस लोकाइनं पाण्याचा गडवा नाई घेतला तं मरून नाई जात," हे म्हणाले. लगेच गाडीची तिकिटं काढली, आणि त्या दिवसापासून ह्यांनी दुकानाचं चौकशी कार्यालय करून टाकलं. गिऱ्हाईक परात घ्यायला आलं की हे विचारणार, तुम्ही गेलते का तिकडं, पोरीले घेऊन किती वाजता पोचावं, उन्हात रांग असते का सावलीत, दुपारी झोपली तर काय करावं. एका बाईंनी सांगितलं, साडी नेसून झुल्यात बसू देत नाहीत. झालं. माझ्यासाठी जांभळा पंजाबी ड्रेस शिवून आला. आयुष्यात कधी घातला नव्हता. मी म्हटलं, या वयात लोक हसतील. "हसू दे. तिकीट आपण काढलं, हसणं त्याइले फुकट."

झुल्यासाठी उंचीची अट आहे हेही ह्यांनी शोधून काढलं. मग एका दुपारी दुकानातच मोजणी झाली. टेपने अटीएवढी उंची मोजून ह्यांनी जमिनीवर गंजांची उतरंड लावली, शेवटी जुळेना म्हणून वर एक ताटली ठेवली, आणि स्वराला गादीवर शेजारी उभं केलं. ताठ उभी राहा, टाचा टेकव, मान वर. पोरगी ताटलीच्या वर अर्धं बोट निघाली. हे इतके खूश झाले की रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना आत बोलावून दाखवलं. आणि त्याच भरात एक नवाकोरा तीन कप्प्यांचा डबा काढला, मशीन लावलं आणि झाकणावर लग्नाच्या भांड्यांवर टाकतात तसल्या थाटात मजकूर टाकला: 'कु. स्वरा हिच्या मोठ्या झुल्यात बसण्याप्रीत्यर्थ आबाजी व आजीकडून सप्रेम भेट.' मी म्हटलं, अजून जायचं आहे, आधीच कशाला? हे झाकणावरची चुरी फुंकत म्हणाले, "आता टाकलं नाव. आता कसं वापस घेतीन कोणी?"

आणि मार्चमध्ये हे गेले.

तेरवीच्या दिवशी पाहुणे जेवून पांगल्यावर घरचे बसलो. रोहण्याच्या अक्का, ह्यांच्या मोठ्या बहीण, म्हणाल्या, "सुमन, ते तिकिटं तेवढी वापस करून टाक. वर्षभर आपल्यात सण नाई का गोडधोड नाई. तू गावाच्या बाहेर मुक्काम करू नको. लोकं काय म्हणतीन, नवरा जाऊन तीन महिने नाई झाले अन् बाई झुल्यावर बसाले चालली." अक्का वाईट नाहीत. भाऊ गेल्याचं दुःख त्यांना माझ्याइतकंच होतं, आणि दुःखात माणूस रीत घट्ट धरतो. मी गप्प राहिले असते कदाचित. पण निलेश खाली बघत म्हणाला, "आई, राहू दे. पुढच्या वर्षी पाहू." ... पुढच्या वर्षी. बापाचे शब्द पोराच्या तोंडात. दारात स्वरा उभी होती. तिने काही हट्ट केला नाही, रडलीही नाही, नुसती मान हलवली, निलेश हलवायचा तशीच. तिथे माझं डोकं फिरलं. मी आत गेले, फळीवरून डबा काढला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. म्हटलं, "वाचा अक्का. काय लिहिलं हाये? आपल्या दुकानाचा नियम काय हाये, तो तुम्हीच सांगा." अक्का वाचत राहिल्या. मी म्हटलं, "त्याइनं कधी एक वाटी वापस घेतली नाई. मी हा डबा घेऊ वापस? माझ्याच्यानं नाई होत." अक्का उठल्या आणि पदर सावरत बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या. तिथूनच त्या परस्पर रोहण्याला निघून गेल्या.

तर आम्ही गेलो. निलेश, सून पल्लवी, स्वरा आणि जांभळा ड्रेस घातलेली मी. पुलगावच्या फलाटावर ओळखीच्या दोन बायका होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मीही त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. गाडीत ह्यांच्या बर्थवर मी डबा ठेवला होता. टीसीने तो बर्थ दुसऱ्याला दिला, तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसले. एवढी चौकशी केली ह्यांनी, पण एक गोष्ट विचारायची राहिलीच होती, कारण आमच्याकडे ती कोणाच्या मनातच येत नाही. पार्कात घरचं खाणं नेऊ देत नाहीत. फाटकावरच्या पोराने डबा उघडायला लावला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, खाली तिखट-मिठाच्या शंकरपाळ्या. म्हणाला, आजी, हे आत नाही जाणार. मी म्हटलं, बरं, डबा तर जाईल? मग आम्ही तिथेच भिंतीच्या सावलीत बसलो, रांगेतल्या दोन-तीन घरच्या पोरांनाही हाक मारली, आणि डबा रिकामा केला. त्या फाटकावरच्या पोरालाही दोन पुऱ्या दिल्या. तो झाकणावरचं मोठ्याने वाचत होता. सप्रेम भेटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "आबाजी कुठायत?" स्वराने सांगितलं, "ते वारले. पण नाव टाकलं होतं ना." त्याने डबा स्वतः पुसून आत सोडला.

झुल्यापाशी उंचीची पट्टी होती. स्वरा चप्पल काढून ताठ उभी राहिली, टाचा टेकवून, मान वर करून, आबाजींनी शिकवलं होतं तशी. चार बोटं कमी भरली. तिथल्या मुलीने पुन्हा मोजलं. चार बोटं कमी. मला कळेचना, दुकानात तर अर्धं बोट वर होती. आणि मग एकदम उजेड पडला... पोरगी गादीवर उभी होती आणि उतरंड जमिनीवर. जन्म त्या गादीवर गेला ह्यांचा, गादी म्हणजेच जमीन. आमच्यात कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, रस्त्यावरून आत बोलावलेल्या त्या दोघांच्याही नाही. मी हसायला लागले, पल्लवी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. स्वराचा चेहरा मात्र पडला होता. मी तिला खरं सांगितलं, आबाजींचं माप चुकलं. तिने डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग तू बस ना आजी. डब्यावर तुयं पण नाव हाये."

बसले. छातीवर दांडा आला, पाय लोंबकळले, आणि तो झुला वर वर गेला. वर थांबला तेव्हा खाली स्वरा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी दिसली, उन्हात चकाकत होता. मग तो सुटला आणि मी ओरडले. हे गेले त्या दिवसापासून मी रडले नव्हते. तेरवीचं बघायचं होतं, दुकान बघायचं होतं, लोकांना उत्तरं द्यायची होती. तिथे मी ह्यांचं नाव घेऊन ओरडले, ज्या नावाने चाळीस वर्षांत एकदाही हाक मारली नव्हती. आजूबाजूला सगळेच ओरडत होते, त्यामुळे कोणी वळूनही बघितलं नाही. खाली उतरले तेव्हा चेहरा ओला होता. स्वराने विचारलं, "भेव वाटलं?" मी म्हटलं, हो, लय. पण पुन्हा बसीन.

परत आलो तर गावात व्हायचं ते बोलणं झालंच. होऊ दे. ज्यांना माझ्या दुःखाचं माप हवं असेल त्यांनी दुकानात यावं, उतरंड लावून ठेवली आहे. एका संध्याकाळी अक्कांचा फोन आला. माझ्याशी नाही, स्वराशी. तिकडून काय विचारलं कळलं नाही, पण स्वरा सांगत होती, "लय उंच आत्याआजी, आपल्या पाण्याच्या टाकीहून उंच... हो, आजी बसली... नाई, रडत होती... हो."

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी ह्यांच्या जागेवर बसले, डबा मांडीत घेतला आणि मशीन सुरू केलं. तेच गुरगुरणं. बोटांना इतका हादरा बसला की पहिलं टिंब भलतीकडेच उमटलं. ह्यांच्या सरळ ओळीखाली माझी ओळ वाकडी गेली आहे, वेलांट्या तर विचारूच नका. 'आजी बसली.' एवढंच टाकलं. त्याच्याखाली थोडी जागा सोडली आहे, चार बोटं पुरतील एवढी. पोरगी वाढतेच आहे, आणि आता मी तिला जमिनीवर उभं करून मोजते.