मोगरा नव्या नवरीचा

मार्गशीर्षातला पहिला रविवार. फुलांचं बजेट वीस हजार. हजर चौघं: मी, बायको, आमची मुलगी मेघना आणि तळमजल्यावरच्या काकू. वाशीतल्या आमच्या सोसायटीत लग्नाची फुलं काकूंना विचारल्याशिवाय ठरत नसत.

काकू एक पाकळी खुडायच्या, बोटांत चोळायच्या आणि निकाल द्यायच्या. "झेंडू दारात, त्याने लक्ष्मी आत येते. शेवंती मंडपात, संसार तिच्यासारखा टिकावा म्हणून. गुलाब नको, ते चार तासांचं प्रेम." स्वतः बिनलग्नाच्या, साठी ओलांडलेल्या. तुमच्याही सोसायटीत असं कुणीतरी असेलच, ज्याचं म्हणणं खोडायची हिंमत कुणाला होत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मुलाच्या लग्नासाठी निशिगंधाचे हार ठरवले होते. काकूंनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. "तुमची बायपास झाली ना? मग आत्ता राहू द्या. पुढे फोटोला लागतीलच." ते गृहस्थ हसले. हार मात्र बदलले.

त्या रविवारी मेघनाने मोगरा मागितला. पहिल्या लग्नात तिच्या केसांत मोगराच होता, काकूंनीच निवडलेला. ते लग्न दीड वर्षात मोडलं. हे दुसरं.

"मोगरा नव्या नवरीचा," काकू म्हणाल्या.

"मग मी कोण?" मेघनाने हसत विचारलं.

"रागावू नकोस हं. देवाला एकदा वाहिलं की फुलाचं निर्माल्य होतं. ते पुन्हा वाहत नाहीत."

बायको चहा आणते म्हणून उठली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. लग्नात मेघनाने एकही खरं फूल येऊ दिलं नाही. सगळी कापडी. काकू आल्या, पोटभर जेवल्या आणि जाताना एक कापडी पाकळी बोटांत चोळून म्हणाल्या, "हे बरं केलंत. कोमेजायची भीती नाही."

दोनेक वर्षांनी मेघना थोडे दिवस माहेरी आली होती, तेव्हा काकू आमच्याकडे आल्या. सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. पावणे एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप असलेल्या एका विधुर गृहस्थांशी त्यांचं लग्न ठरलं होतं. येत्या शुक्रवारी, रजिस्टर.

"मोगऱ्याचे दोन हार सांगितलेत," त्या म्हणाल्या. आज बोटांत पाकळी नव्हती. त्या पदराचं टोक चोळत होत्या. "या वयात बरं दिसेल ना गं, मेघना?"

मेघनाने मोबाइल बाजूला ठेवला. "मला काय विचारता काकू? तुम्हीच शिकवलंत की. मी निदान वाहिलेलं फूल होते. तुमचं तर झाडावरच सुकलं. असलं फूल कुणी हारात ओवतं का?"

"मेघना!" बायको ओरडली.

काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. आवाज निकाल द्यायचा तोच. चहा अर्धा टाकून त्या उठल्या.

शुक्रवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर लग्नाचा फोटो आला. दोघं टेबलापाशी उभी, दोघांचे गळे मोकळे. काकूंनी हात पोटाशी धरले होते, एकात दुसरा. तिथूनच त्या कोपरखैरण्याला नवऱ्याच्या घरी गेल्या. तळमजल्यावर आता भाडेकरू आहेत. फुलांचं कुणी विचारत नाही, डेकोरेटर देईल ते पॅकेज घेतात.

फोटो येण्याआधी, सकाळीच, फुलवाल्याचा माणूस केळीच्या पानांत बांधलेले दोन हार आमच्या दारात देऊन गेला होता. "काकू बोलल्या, ताईंना द्या. त्यांना स्वतःला नकोत."

हार दिवसभर डायनिंग टेबलावर पडून होते. घरभर वास. संध्याकाळी मेघनाने ते उचलले आणि गेटजवळच्या निर्माल्याच्या डब्यात टाकले. पानं सोडलीसुद्धा नव्हती.

हारांचे अठराशे रुपये काकूंनी फुलवाल्याला आगाऊच दिले होते.