उच्चारमास्तरांनी सांगितलेला अर्थ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही सगळे उच्चारमास्तर म्हणायचो. बोलत्या शब्दकोशात अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की जो आवाज येतो ना, तो भावजींचा. कोशाच्या कचेरीत, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या खोलीत ते एकटेच बसायचे आणि बाहेर कुणी चुकूनही वापरत नाही असले शब्द म्हणायचे. जृंभा म्हणजे जांभई. स्नुषा म्हणजे सून. श्वश्रू म्हणजे सासू. "ती घशात अडकली तर दोष सासूचा नव्हे, जिभेचा," असं ते खुद्द माझ्या सासूसमोर बोलून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशीचे शब्द आदल्या संध्याकाळी घरी घोटायचे, ही त्यांची पद्धत. ताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून चिठ्ठीवरचा अर्थ वाचायची आणि भावजींनी त्यावरून शब्द ओळखून म्हणायचा. ताईचा हात त्यांच्या गळ्यावर. गळा ताठ लागला की, "पुन्हा म्हणा." मला तो शुद्ध खुळेपणा वाटायचा. नवरा-बायकोने रोज एवढं बोलावं आणि त्यात एक वाक्य स्वतःचं नसावं!

मग ताईची पाठ धरली ती सुटेना. तपासण्या झाल्या. पडद्यावरचं चित्र बघत डॉक्टर शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाले, "मेटास्टॅसिस." भावजींच्या हातातली पिशवी खाली पडली. ताई कपडे बदलायला आत गेल्यावर डॉक्टर आम्हा दोघांना म्हणाले, "त्यांना तुम्हीच सांगा. पण उशीर करू नका."

बाहेर बाकावर ताईने विचारलं, "अहो, तो कसला शब्द? अर्थ काय त्याचा?"

"सूज," भावजी म्हणाले. "हाडांना सूज आलीय. उतरेल."

अर्थाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात, पहिलटकरीण. ताईची तिकडे जायची तयारी झाली होती. "सूज उतरली की निघते," असं ती लेकीला दर फोनवर सांगू लागली. तिचं जेवण ताटात तसंच राहायचं. मोरीपर्यंत जाताना ती भिंत धरायची आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघायचो.

"भावजी, सांगा तिला," मी म्हणायचे.

"उद्या सांगतो."

"उद्या म्हणजे नेमकं कधी, तेही बघा तुमच्या कोशात!" मी एकदा चिडून म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

एका संध्याकाळी ताई चिठ्ठ्यांशिवायच खुर्चीत बसली.

"आज शब्द नाहीत?" भावजींनी विचारलं.

"एकच आहे. त्याचा अर्थ पाठ आहे मला." तिने त्यांच्या गळ्यावर हात ठेवला. "मूळ जागा सोडून अंगात दुसरीकडे जाऊन रुजलेला रोग. म्हणा."

भावजींच्या तोंडून आवाज फुटेना. ताईने हात काढला नाही. मग तिनेच तो शब्द म्हटला, सावकाश, स्वच्छ. गेल्या वर्षी भावजींनी तो कोशासाठी म्हटला, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनेच तो त्यांच्याकडून घोटून घेतला होता. हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि माझ्याही.

"मग दवाखान्यात अर्थ का विचारलास?" मी म्हणाले.

"मला वाटलं, माझीच आठवण चुकली. हे सूज म्हणाले, मी सूज मानलं. यांचा अर्थ कधी चुकला होता का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काल जिन्यावर पाय उचलेना, तेव्हा कळलं."

भावजी रडायला लागले. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"लेकीला फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, मला आता प्रवास झेपायचा नाही. तिलाच यायला जमेल का, विचारा."

"अगं, तिचे दिवस भरत आलेत. तिला विमानात घेणार नाहीत."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "तरी विचारा."